चर्चच्या विहिरीत उतरायचं कुणी

विहिरींनी तळ दाखवला की गावात दोघांचा भाव वधारतो. एक चर्चचा पाळक, कारण लोक गुडघे टेकायला लागतात. दुसरा पाताळ, कारण गुडघे टेकून झाले की लोक कुदळ शोधायला लागतात. पाताळ म्हणजे थोरलीचा बाप. विहिरी खोल करण्यात आणि गाळ उपसण्यात त्याचा जन्म गेला. गावाने त्याला जमिनीच्या वर कमी आणि खालीच जास्त पाहिलेलं, म्हणून हे नाव.

यंदा तर बादली सोडली की खालून पाण्याऐवजी ठण्ण असा आवाज यायचा. गल्लोगल्ली रहाट चढले होते. विहीर नाही असा माणूससुद्धा शेजाऱ्याच्या विहिरीत वाकून मत देत होता. आणि अशा ऐन हंगामात पाताळाचं घर मात्र हातावर हात धरून बसलं होतं.

त्या सकाळी चक्कीवाला अंगणात आला तेव्हा थोरलीच्या काळजाने टुणकन उडी मारली. भुवयांत पीठ, खिशावर पीठ, असा तो माणूस उभा राहिला तरी थोडा सांडायचा.

"काय पाताळ, बरं आहे ना?"

"देवाची कृपा," बाप दाराजवळच्या खाटेवरून म्हणाला. उजवा पाय उशीवर ठेवलेला, गुडघ्यापासून खाली लाकडासारखा सरळ.

कृपा गुडघ्याच्या वरच अडकलीय वाटतं, असं थोरलीच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. गिऱ्हाईक समोर म्हणून तिने ते गिळलं.

"माझी विहीर आणखी दोन पुरुष खोल न्यायची म्हणतोय," चक्कीवाला म्हणाला.

आई भांडी टाकून हात पुसत आलीच. "नेऊ की. मी उतरते. पोरगी रहाटाच्या दांड्यावर, शाळेला सुट्टीच आहे. वरून सांगायला हे आहेतच."

"तुम्ही उतरणार, वहिनी?"

"का? विहिरीला काय कळतंय कोण उतरलंय ते? लग्न झाल्यापासून यांच्या हाताखाली गाळ काढतेय मी."

"तसं नाही हो." चक्कीवाल्याने मान खाजवली, पीठ उडालं. "गाठ कोण मारणार बादलीची?"

"हेच मारतील. त्यांचे हात धड आहेत."

चक्कीवाल्याचा चेहरा दुखऱ्या दातावर जीभ लागावी तसा झाला. "वाईट वाटून घेऊ नका. पण मागच्या वेळी गाठच सुटली ना? माझ्या दारात कुणाच्या जिवाला काही व्हायला नको. मी आपलं धाकट्यालाच सांगितलंय. मी आलो होतो ते वेगळ्याच कामाला. तो तुमचा लांब दोर आहे ना, तेवढा द्याल? धाकट्याचा तोकडा पडतोय."

थोरलीने बापाकडे पाहिलं. बोल, एकदा तरी बोल.

"घेऊन जा," बाप म्हणाला. "कोपऱ्यात आहे. भिजवू नका म्हणावं."

धाकटा म्हणजे थोरलीचा सख्खा काका, बापाचा पाठचा भाऊ. दोघे भाऊ जोडीने कामं करायचे. बाप खाली आणि काका वर रहाटावर. रहाटाला दातेरी चाक असतं आणि त्या चाकात एक लोखंडी खीळ पडते. बादली वर येताना ती दात्यादात्यावर खट-खट वाजते आणि दांड्यावरून हात सुटला तरी रहाट उलटा फिरू देत नाही. काकाला त्या खटखटीचा कंटाळा. काम हळू होतं म्हणायचा, डोकं उठतं म्हणायचा.

अपघाताच्या दिवशी थोरली घमेल्याने गाळ वाहत होती. गाळ टाकून परतताना तिच्या कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रहाट फिरत होता आणि खटखट येत नव्हती. खीळ वर उचलून ठेवलेली होती. काकाचा एक हात दांड्यावर होता, दुसऱ्या हाताने तो खिशातला वाजता फोन काढत होता. पुढचं तिला आजही तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. दांडा हातातून निसटला. रहाट भोवऱ्यासारखा फिरला. दोर सरसर खाली गेला, सगळाच्या सगळा, दगडांनी भरलेल्या बादलीसकट. आणि खालून बापाचा आवाज आला. तो ओरडलासुद्धा नाही. "अरे," एवढंच म्हणाला.

बापाला वर काढायचं तर दोर बादलीपासून सोडावाच लागणार. बापाने स्वतःच्या हाताने, चेचलेल्या पायाने, खाली बसून ती गाठ सोडली आणि दोर कमरेला बांधला. वर गाव जमलं तेव्हा बादली तळाशी होती आणि दोर बापाच्या कमरेला. ते बघून काका बोलून गेला, "गाठ सुटली. दादाची गाठ सुटली." तोंडातून निघालं ते निघालं. गावाने ते उचललं आणि घरोघर पोचवलं.

दवाखान्यात मात्र काका बापाच्या खाटेशी बसून हमसून हमसून रडला. "दादा, माझ्यामुळे. मला माफ कर." बापाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "केलं. आता हा विषय संपला. कुणाच्याही तोंडून पुन्हा निघायचा नाही." 'कुणाच्याही' म्हणताना त्याने बायकोकडे आणि मुलीकडे पाहिलं.

म्हणजे माफी मिळाली आत, दवाखान्यात. आणि बदनामी राहिली बाहेर, गावात. थोरलीच्या डोक्यात हे गणित कुठल्याच बाजूने सुटत नव्हतं.

*

चक्कीवाल्याच्या विहिरीवर मायलेकींना काम मिळालं, पण गाळ वाहायचं. खाली काकाचा नवा माणूस, रहाटावर काका, आणि घमेली घेऊन ढिगाकडे खेपा घालणाऱ्या या दोघी. गाळ ओला असताना घमेलं मानेत घुसतं आणि वाळला की डोळ्यांत जातो. आईचा उजवा खांदा दुपारपर्यंत डाव्यापेक्षा खाली उतरायचा. घरच्याच दोराने दुसऱ्याच्या नावाने काम चाललं होतं.

काका गोड बोलायचा. हेच तर थोरलीला सोसत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान उलटून बोलायला काही मिळालं असतं.

"वहिनी, जपून. कडेला ओल आहे. थोरले, पाणी पी गं, ऊन फार आहे."

आणि खट-खट-खट-खट. आता काका प्रत्येक बादलीला खीळ लावत होता. एक बादली सोडत नव्हता. खीळ पडली की पुन्हा हात लावून बघायचा. तो आवाज ऐकला की थोरलीच्या कानशिलाची शीर उडायची. गाठ सुटली होती ना? मग खिळीची एवढी काळजी कशाला?

"आई, ऐकतेस ना?" ढिगापाशी घमेलं पालथं करताना ती म्हणाली.

"बहिरी नाही मी."

"मग बोल ना त्याला."

"काय बोलू? खीळ लावू नका म्हणू? उद्या तो माणूस मरेल खाली." आईने कपाळावरचा गाळ मनगटाने पुसला, तो आणखी पसरला. "चल. उभ्या राहिलो की म्हणतील बायका गप्पा हाणतात."

चक्कीवाला मधूनच येऊन वाकून बघायचा. एकदा मोठ्या मनाने म्हणाला, "पाताळला म्हणावं, गाठी मारायचा सराव चालू ठेव. बसल्या बसल्या होतं ते." वर हसला. त्याच्या मते त्याने दिलासा दिला होता. थोरलीने मोकळं घमेलं त्याच्या पायाजवळ असं काही आपटलं की तो पीठ झटकत निघून गेला. आईने तिला चिमटा काढला, पण हळू.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर थोरली दारातच फुटली.

"बाबा, तुम्ही गावाला सांगत का नाही?"

बाप खाटेवर बसून दोराचे पीळ घालत होता. त्या हातांना काम नसलं की ते आजारी पडायचे. "काय सांगायचं?"

"खरं."

"ते संपलंय. देव एकदा क्षमा केली की ते पाप पुन्हा आठवत नाही, असं वचन आहे. देवच आठवत नसेल तर मी कोण उकरून काढणारा?"

"देवाला विसरून चालतं हो. देवाला काही विहिरीची कामं मिळायची थांबलेली नाहीत!"

"थोरले!"

"चुकलं का माझं काही? तुम्ही माफ केलंत, चांगलं केलंत. पण माफ करणं म्हणजे त्याचं खोटं आपण पोसायचं का?"

बापाने दोर खाली ठेवला. त्याला रागावता यायचं नाही, ओठ नुसतेच हलायचे. "माझा भाऊ आहे तो. मी गावात जाऊन बोललो की माझ्या माफीला काय अर्थ? एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं?"

आई चुलीशी पाठमोरी बसून खांद्याला गरम फडकं लावत होती. ती वळली नाही. "तुम्ही तुमच्या पायाची माफी दिलीत," ती म्हणाली. "तो पाय तुमचा होता, तुमचा अधिकार. माझ्या खांद्याची कुणी दिली? मला कुणी विचारलं?"



*

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. प्रभूची भाकर घ्यायला लोक पुढे यायच्या आधी पाळक नेहमी थांबतात. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने आधी उठून जावं, हात द्यावा, आणि मग देवाच्या मेजाजवळ यावं. बहुतेक वेळा कुणीच उठत नाही. सगळे आपापल्या चपलांकडे बघतात, कुणीतरी खोकतं आणि पुढचं गीत सुरू होतं.

त्या दिवशी काका उठला. इस्त्रीचा सदरा, केस चापून बसवलेले. अख्खी मधली वाट चालून तो बायकांच्या बाजूला आला आणि आईसमोर हात पुढे करून उभा राहिला. बाकं करकरली. सगळ्या माना वळल्या.

"वहिनी," काका म्हणाला, आणि आवाज खरोखरच भरून आला होता. "जे काही झालं असेल, त्याबद्दल मला क्षमा करा."

मागून कुणीतरी "आहा" केलं. काकूने डोळ्यांना रुमाल लावला.

आईने त्या हाताकडे पाहिलं. मग आपलाही हात उचलला. थोरलीला वाटलं, संपलं सगळं. पण आईचा हात काकाच्या हाताच्या वीतभर अलीकडे थांबला.

"काय झालं होतं, भावजी?"

"अं?"

"जे काही झालं असेल म्हणालात. काय झालं होतं ते सांगा. माझा हात इथेच आहे."

काकाने इकडेतिकडे पाहिलं. कपाळावर घाम फुटला. "वहिनी, देवाच्या घरात कशाला..."

"मग कुठे? चक्कीवाल्याच्या दारात?"

दोन हात तसेच अधांतरी राहिले. एवढी लाज थोरलीला शाळेत सगळ्यांसमोर पाठ विसरतानाही वाटली नव्हती, आणि एवढा अभिमानही कधी वाटला नव्हता. शेवटी काकाने हात मागे घेतला. तो जागेवर गेला आणि भाकरीच्या रांगेतही उभा राहिला. आई बाकावरच बसून राहिली. रांग तिच्या गुडघ्यांना घासत पुढे सरकत होती आणि जाणारी प्रत्येक बाई तिच्याकडे असं बघत होती, जणू विहिरीत विष हिनेच टाकलंय.

बाहेर पडताना काकू गाठून म्हणाली, "यांनी मान खाली घातली, तरी पुरलं नाही का जाऊबाई? आता काय रक्त हवंय?"

"एक वाक्य हवंय," आई म्हणाली.

*

पाळक संध्याकाळी घरी आले. चांगला माणूस, पण दमलेला. आटलेल्या विहिरी, आजारी म्हातारे, गळकं छप्पर आणि वर हे. मोडक्या खुर्चीवर बसताना त्यांनी आधी ती हलवून पाहिली.

"ताई, न्याय देवाच्या हातात आहे. तो आपण आपल्या हातात घ्यायचा नसतो."

"त्याच्याच हातात राहू दे. मी कुठे म्हणते भावजींचा पाय मोडा?"

"आणि क्षमेचा हिशोब नसतो. सात वेळा नाही, सत्तर वेळा सात."

थोरलीला राहवलं नाही. "साहेब, वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी चोर होता ना, ज्याला प्रभूने सुखलोकाचा शब्द दिला? तो आधी काय म्हणाला होता? आम्ही केल्याचंच भोगतोय, म्हणाला. मग मागितलं. 'जे काही झालं असेल' असं नाही म्हणाला."

पाळकांच्या मिशीत हसू हललं. "हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. रविवारच्या शाळेत."

"माझंच चुकलं." ते पुन्हा गंभीर झाले. "हे बघ बाळ, तो चोर बोलला हे खरं. पण कबूल न करणाऱ्या दुसऱ्या चोराला शिक्षा करायला प्रभूने आपल्याला नाही पाठवलं."

"मग चक्कीवाल्याला खरं सांगायला कुणाला पाठवलंय?" आई म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का साहेब, खरं काय ते?"

पाळकांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मला कुणी विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर बोलू शकत नाही."

"म्हणजे त्याने तुम्हाला सांगितलं!" थोरली किंचाळलीच.

"मी असं म्हटलेलं नाही," पाळक फारच घाईने म्हणाले.

थोरलीने कपाळावर हात मारला. देवाला माहीत, पाळकांना माहीत, बापाला माहीत, काकाला तर माहीतच. ज्याच्या माहीत असण्याने घरात चूल पेटेल, असं एक गिऱ्हाईक सोडून साऱ्या ब्रह्मांडाला माहीत!

"मी एक सुचवतो," पाळक उठता उठता म्हणाले. "चर्चची विहीरही आटली आहे. दोन्ही घरांनी मिळून ती खोल करा. ताई, तुम्ही उतरा, तुमचे भावजी रहाट धरतील. सगळं गाव बघेल. जिभेने होत नाही ते हातांनी होईल."

आईने काही म्हणायच्या आत खाटेवरून बाप म्हणाला, "करू."

*

चर्चच्या विहिरीभोवती सगळी मंडळी रिकामी भांडी घेऊन जमली होती, जणू खणायला सुरुवात केली की पाणी वरच येणार. बापाला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. चक्कीवाला दुसऱ्या दांड्याला हात द्यायला आला होता. आईने बापाची जुनी पँट घालून दोरीने कमरेला आवळली होती. त्यावरून दोन बायका खुसखुसल्या, आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की एकीने भांडं डोक्यावर पालथं घातलं.

पाळकांनी लांबलचक प्रार्थना केली. काका रहाटाला हात लावून डोळे मिटून उभा होता. आमेन झालं. आईने दोराच्या फाशात पाय घातले, काठावर बसली, एक पाय आत सोडला.

थोरली रहाटाजवळ गेली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "काका, त्या दिवशी खीळ लावलेली होती का?"



"थोरले, आज चांगल्या कामाच्या वेळी जुन्या गोष्टी..."

"हो का नाही, एवढंच."

काकाने पाळकांकडे पाहिलं. पाळक आभाळाकडे बघत होते.

आईने विहिरीतला पाय बाहेर काढला. "मग मी उतरत नाही."

"ताई," पाळक हळूच म्हणाले, "थोडा विश्वास..."

"देवावर आहे, साहेब. पण रहाट देव धरत नाही."

काकू पुढे झाली. "बघितलंत? ही यांची क्षमा! तोंडाने म्हणायचं माफ केलं आणि चारचौघांत माझ्या नवऱ्याला टोचत राहायचं!"

"मी केलंय माफ," बाप म्हणाला. इतका वेळ खुर्चीत गप्प बसलेल्या माणसाचा आवाज ऐकून लोक बाजूला सरले. "मनापासून केलंय. मला रहाटाजवळ न्या."

चक्कीवाल्याने आणि थोरलीने खुर्ची सरकवली. दगडी फरशीवर ती करकरत गेली. बापाने हात लांबवला आणि खिळीवर ठेवला.

"धाकट्या, तू उतर."

काका हसला. "मी? दादा, मी वरचा माणूस."

"लहानपणी माझ्याआधी उतरायचास. उतर. पोरगी आणि चक्कीवाला दांडा धरतील, मी खिळीवर आहे."

"माझी पाठ धरलीय रे..."

"मी तुला माफ केलंय ना?" बाप म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. "मग घे की फासा."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. काकाने आईच्या हातातून दोर घेतला, पाय घातले, काठावर बसला. दोन्ही पाय आत सोडले. खाली काळोख होता आणि कोरड्या दगडांचा वास वर येत होता. त्याने वळून बापाच्या हाताकडे पाहिलं. मग बापाच्या त्या सरळ, लाकडासारख्या पायाकडे पाहिलं. नजर तिथेच चिकटली.

"दादा," तो म्हणाला, "धरशील ना?"

हळू म्हणाला, पण एवढ्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"धरीन."

काकाची बोटं काठाच्या दगडाला रुतली होती.  थोरलीने दांडा आणखी घट्ट धरला. बोल, आता बोल.

"दादा, त्या दिवशी मी..."

"चला घरी!" काकू कडाडली. "उठा म्हणते ना! जीव द्यायला बसलाय का इथे? चला!"

आणि काका उठला. फाशातून एक पाय काढला, दुसरा अडखळला, तोही काढला. तो कुणाकडेच न बघता गर्दीतून निघून गेला. त्याचा सदरा मागून पूर्ण भिजला होता.

थोरलीने दांड्यावर मूठ आपटली. आणखी एक श्वास! एकच! अख्खं वाक्य त्याच्या दातांपर्यंत आलं होतं आणि मेलं! तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायचं कुणावर तेही कळत नव्हतं.

चक्कीवाला मात्र खिळीकडे बघत होता. त्याने ती बापाच्या हाताखालून उचलून पाहिली, सोडली. खट. पुन्हा उचलली. "पाताळ," तो म्हणाला, "गाठ सुटली होती का रे?"

 बापाचे ओठ हलत होते. दिलेल्या शब्दाभोवती तो फिरत असावा, आत शिरायला कुठे फट आहे का ते बघत.

"माझी गाठ सुटली नव्हती," तो शेवटी म्हणाला. "ती मी सोडली, वर यायला."

"मग बादली कशी..."

"मी माझ्या गाठीचं सांगितलं. बाकीचं ज्याचं त्याने सांगायचं."

चक्कीवाल्याने घसा खाकरला. "हं. पण माझं काम आता धाकट्याकडेच आहे बरं का. मध्येच बदलता येत नाही." मग थोड्या वेळाने, कुणी न विचारता, "दोर तेवढा परत आणून देतो."

दोर! थोरलीला हसू यावं का रडू, कळेना.

माणसं पांगायला लागली. रिकाम्या भांड्यांचा आवाज रस्त्याने लांब जात राहिला. बापाचा हात अजून खिळीवरच होता.

"मी सोडलं नसतं गं," तो आईला म्हणाला. डोळे भरले होते. "खरंच सोडलं नसतं त्याला."

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "त्याला पटलं नाही."

तिने खाली पडलेला फासा उचलला, झटकला आणि पाय घातले. काठावर बसताना दुखरा खांदा सांभाळायला तिला जरा वेळ लागला. काकाच्या रिकाम्या दांड्याकडे पाळकांनी एकदा पाहिलं, झगा काढून बाकावर टाकला आणि बाह्या सारून चक्कीवाल्यासमोर उभे राहिले. थोरलीने त्यांना दांडा कसा धरायचा ते दाखवलं. आई हळूहळू खाली गेली, आधी मान दिसेनाशी झाली, मग केस.

बऱ्याच वेळाने खालून कुदळीचा आवाज यायला लागला. पाळक वाकले.

"ताई, काही लागलं का?"

"दगड!" आईचा आवाज घुमत वर आला. "सगळा दगड आहे. पहार सोडा खाली."